पुसायचे राहून गेलेले कार्यक्रम : लंडनमधली एक संध्याकाळ

वुड ग्रीन स्टेशनबाहेर डब्ल्यू ३ नंबरची बस मिळते. ती टेकडी चढून थेट अलेक्झांड्रा पॅलेसच्या दारात सोडते. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि उजेड तेव्हाच परतीच्या वाटेला लागला होता. मी रेनर्स लेनला मावसबहिणीकडे उतरले होते. आम्ही सगळी भावंडं तिला ताईच म्हणतो. इतकी वर्षं लंडनमध्ये राहून ताईही या टेकडीवर कधी आली नव्हती.

बसमधून उतरलं की समोर अख्खं लंडन पसरलेलं दिसतं आणि मान वर केली की पॅलेसच्या एका बुरुजावर उभारलेला लोखंडी मनोरा. मी आले होते ती या मनोऱ्यासाठी. बुरुजाच्या भिंतीवर एक गोल निळी पाटी आहे. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने इथून जगातली पहिली नियमित 'हाय डेफिनिशन' टेलिव्हिजन सेवा सुरू केली, असं त्यावर लिहिलंय. त्या काळचं हाय डेफिनिशन म्हणजे ४०५ आडव्या रेषांनी बनलेलं चित्र. आपल्या लहानपणीच्या कृष्णधवल टीव्हीवरही ६२५ रेषा असायच्या.

सुरुवातीला इथे दोन पद्धती होत्या, एक टीव्हीचा आद्य संशोधक जॉन बेअर्ड याची २४० रेषांची आणि दुसरी मार्कोनी-ईएमआय या कंपनीची ४०५ रेषांची. एक आठवडा ही, एक आठवडा ती. बेअर्डच्या एका पद्धतीत समोरचं दृश्य आधी सिनेमाच्या फिल्मवर घ्यायचे, ती फिल्म मिनिटभरात रसायनात धुऊन काढायची आणि ओलीच यंत्रातून फिरवून प्रक्षेपित करायची! मी पाटीसमोर उभी राहून ताईला हे सांगत होते आणि वारा कानशिलं बधिर करत होता. काही महिन्यांतच, १९३७च्या फेब्रुवारीत, बेअर्डची पद्धत मागे पडली. १ सप्टेंबर १९३९ला युद्धाच्या तोंडावर प्रक्षेपण बंद झालं, ते ७ जून १९४६ला पुन्हा सुरू झालं. युद्धाआधीच्या त्या तीन वर्षांत इथून नाटकं झाली, गाणी झाली, नाच झाले. त्यातलं जवळजवळ काहीच उरलेलं नाही. जे झालं ते थेट झालं आणि हवेत गेलं.

संध्याकाळचा कार्यक्रम मात्र उरलेल्या गोष्टींचाच होता.

ताईच्या शेजारी एक ब्रिटिश आजोबा राहतात. आयुष्यभर त्यांनी टेलिव्हिजनच्या टेप विभागात काम केलं. निवृत्तीनंतर काही जुने सहकारी आणि हौशी मंडळी मिळून वर्षातून एक-दोनदा जुने कार्यक्रम बघायला जमतात. मला या विषयाची ओढ आहे हे ताईने त्यांना सांगितलं आणि त्यांनी आम्हा दोघींना आग्रहाने बोलावलं. बागेतल्या पायवाटेने उतरत, पाचोळा तुडवत आम्ही मझवेल हिलला पोचलो. तिथे एका चर्चचा छोटा हॉल होता. घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचं मोठं भांडं, ताटलीत कस्टर्ड क्रीम बिस्किटं. मी घरून आणलेले बेसनाचे लाडू त्यांच्या शेजारी ठेवले. तीसेक माणसं होती आणि बहुतेक सगळ्यांचे केस पांढरे. भिंतीवर पडदा लावला होता आणि पडद्याच्या बाजूला, टेबलावर, लाकडी खोक्यातला एक जुना टीव्ही.

सुरुवात एका कुंभाराने झाली. १९५०च्या दशकात बहुतेक सगळं थेट असायचं. मग दोन कार्यक्रमांच्या मध्ये सेट बदलायला वेळ लागला किंवा काही बिघडलं की बीबीसी 'इंटरल्यूड' नावाच्या छोट्या फिल्म दाखवायची. त्यातली ही सगळ्यांत प्रसिद्ध. फिरतं चाक, ओली माती आणि दोन हात. तोंड दिसत नाही. मातीचा गोळा वर येतो, भांडं होतंय असं वाटतं, तोवर हात त्याला पुन्हा दाबून बसवतात. भांडं पुरं होतच नाही. सगळा हॉल गप्प बसून ते चाक बघत होता. आपल्याकडचा 'व्यत्यय' आठवला. आपल्याला नुसती पाटी मिळायची, यांना चाक मिळालं.

मग 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट'. जुलै १९५३. त्याच वर्षी २ जूनला राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला होता आणि तो बघायला लोकांनी घरोघरी टीव्ही आणले होते. त्या नव्या प्रेक्षकांसमोर सहा आठवडे ही भयकथा आली. तीन माणसं घेऊन गेलेलं यान परत येतं आणि आत एकच माणूस असतो. नायजेल नीलने लिहिलेली ही मालिका थेट सादर व्हायची, तीही त्याच पॅलेसमधून, ज्याच्या दारात आम्ही तासाभरापूर्वी कुडकुडत उभ्या होतो. एक प्रवेश संपला की नट दबक्या पावलांनी दुसऱ्या सेटकडे पळत असणार. चुकलं तर चुकलं, पुन्हा घेण्याची सोय नाही.

थेट कार्यक्रम जपायचा एकच उपाय तेव्हा होता, तो म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा लावून चित्रीकरण करायचं. क्वाटरमासचे पहिले दोन भाग असे टिपले गेले. आम्ही दुसरा बघत होतो. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे वाकून हळूच पडद्याकडे बोट केलं. एक किडा! कथेतला नव्हे. चित्रीकरण चाललेलं असताना मॉनिटरच्या काचेवर एक किडा येऊन बसला होता. नट गंभीर चेहऱ्याने बोलताहेत आणि हा काळा ठिपका त्यांच्यावर. टिपलेलं चित्र फारच सुमार उतरलं, त्यामुळे पुढचे चार भाग टिपलेच नाहीत. ते कायमचे गेले. किडा राहिला. सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी त्या टेकडीवरच्या उन्हाळ्यातला एक किडा मी माझ्या डोळ्यांनी बघितला. का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं.

मध्यंतरात आजोबांनी पिशवीतून एक रीळ काढून माझ्या हातात दिलं. दोन इंच रुंदीची व्हिडिओ टेप. रीळ दोन्ही हातांनी धरावं लागतं, इतकं वजनदार. टेप तपकिरी आणि एका बाजूने चकचकीत. कडेला नख लावून बघितलं तर रीळ पाटासारखं घट्ट गुंडाळलेलं. सुरुवातीच्या काळात ही टेप सूक्ष्मदर्शकाखाली बघून पात्याने कापायची आणि जोडायची, असं त्यांनी बोटांनी करून दाखवलं. टेप फार महाग होती आणि तीच टेप पुसून परत वापरता यायची. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे एखादा कार्यक्रम ठरावीक वेळांपेक्षा जास्त दाखवता येत नसे. घरी व्हिडिओवर कार्यक्रम बघण्याची सोय तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. रंगीत टीव्ही आल्यावर तर कृष्णधवल कार्यक्रमांना किंमतच उरली नाही. मग पुसायचे. यादी यायची आणि यादीप्रमाणे टेपा पुसायच्या. "मीही पुसल्यात," ते म्हणाले. आवाजात सफाई देण्याचा सूर नव्हता. कामावर गेलेल्या माणसाने दिलेलं काम केलं. १९७८च्या सुमारास धोरण बदललं आणि बीबीसीत जपणुकीला नीट सुरुवात झाली.

काय काय गेलं! १९६३च्या एका नाटकात तरुण बॉब डिलन होता, ते गेलं. ॲलन बेनेटची 'ऑन द मार्जिन' ही विनोदी मालिका गेली. १९६९ला माणूस चंद्रावर उतरला त्या रात्री बीबीसीच्या स्टुडिओत रात्रभर जे चाललं होतं, तेही गेलं. 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग गेले. पण बीबीसी आपले कार्यक्रम १६ मिलिमीटरच्या फिल्मवर उतरवून परदेशी केंद्रांना विकायची. एका देशाने दाखवून झालं की तेच डबे पुढच्या देशाला. असे फिरता फिरता काही डबे कुठे कुठे राहून गेले. २०१३ साली 'डॉक्टर हू'चे हरवलेले नऊ भाग मिळाल्याचं जाहीर झालं, ते नायजेरियातल्या जोस गावच्या टीव्ही केंद्रात सापडले होते. ज्यांनी परत पाठवायचं किंवा नष्ट करायचं राहू दिलं, त्या अनाम माणसांचे मला मनापासून आभार मानावेसे वाटतात.

आणि जे भाग चित्रासकट गेले, त्यांचा आवाज मात्र शाबूत आहे. 'डॉक्टर हू'च्या प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज आज ऐकता येतो, कारण तेव्हाच्या पोरासोरांनी घरातला टेपरेकॉर्डर टीव्हीपुढे धरून तो उतरवून घेतला होता.

हे ऐकलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला.

आमच्या घरी अशी एक कॅसेट आहे. माझे आजोबा राजापूरकडचे, हापूसची कलमं लावणारे. १९८३ साली मुंबई दूरदर्शनवर 'आमची माती, आमची माणसं'मध्ये त्यांना बोलावलं होतं, मोहरावरच्या तुडतुड्यांबद्दल बोलायला. धोतर-कोट घालून ते वरळीला गेले, बोलले आणि दुसऱ्या दिवशी एसटीने गावी परतले. कार्यक्रम लागला तेव्हा ते गावी होते आणि गावात टीव्ही नव्हता. डोंबिवलीला काकांच्या घरी मात्र अख्खी चाळ जमली होती. मी सहा वर्षांची, पुढे फरशीवर. काकांनी टेपरेकॉर्डर टीव्हीच्या जाळीला टेकवून धरला होता आणि सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून दटावलं होतं. स्वयंपाकघरातल्या कुकरला कोण दटावणार? आजोबा "तुडतुडा सकाळच्या वेळी..." म्हणताहेत आणि वर शिट्टी. स्वतःला टीव्हीवर आजोबांनी कधीच बघितलं नाही, पण ती कॅसेट त्यांनी पुष्कळदा ऐकली.

मी हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत शेजारच्या आजोबांना सांगितलं. ते एकदम ताठ बसले. कॅसेट कुठे ठेवलीय, दमट हवेत आहे का, परत किती वेळा वाजवली, सगळं खोदून खोदून विचारलं. शेवटी म्हणाले, वाजवू नका, आधी तिची प्रत करा.

उत्तरार्धात हॉल अगदी मोकळा झाला. विनोदी नट टोनी हॅन्कॉकच्या मालिकेतला १९६१चा भाग, 'द ब्लड डोनर'. रक्तदानाला आलेला, स्वतःच्या थोरपणावर खूश असलेला गृहस्थ, आणि एक पाइंट रक्त द्यायचंय कळल्यावर त्याची उडालेली गाळण. ते तर जवळजवळ हातभर झालं, हे त्याचं वाक्य हॉलमधल्या सगळ्यांनी त्याच्याबरोबर म्हटलं, आपण नाटकाला पाठ झालेलं स्वगत म्हणतो तसं. त्या आधी हॅन्कॉकला मोटार अपघात झाला होता आणि पाठांतर झालं नव्हतं. म्हणून त्याला संवाद समोर वाचायला दाखवले जात होते. एकदा हे कळलं की त्याची नजर समोरच्या माणसाच्या जरा बाजूला जाताना दिसते. तरीही वाक्य नेमक्या क्षणी पडतं. असा नट विरळा.

शेवटी 'डॅड्स आर्मी'. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात न घेतलेल्या म्हाताऱ्या आणि कोवळ्या माणसांच्या होम गार्डची ही गोष्ट १९६८ ते १९७७ चालली. आम्ही बघितला तो 'रूम ॲट द बॉटम' हा १९६९चा भाग. मुळात रंगीत, पण रंगीत टेप पुसली गेली आणि उरली फक्त कृष्णधवल फिल्म. त्या फिल्मवर बारीक ठिपक्यांची जाळी दिसायची. वर्षानुवर्षं ती खोट समजली गेली. वास्तविक कृष्णधवल पडद्यावर उमटलेला तो रंगाचाच संकेत होता. बीबीसीतल्या जेम्स इन्सेल आणि इतर काही जणांनी तो उलगडून मूळ रंग परत काढला आणि २००८च्या डिसेंबरमध्ये हा भाग पुन्हा रंगीत दाखवला गेला. आजोबांनी आधी कृष्णधवल फिल्मचा एक तुकडा दाखवला. गणवेशाच्या बाहीवर खरोखरच विणल्यासारखी बारीक ठिपक्यांची नक्षी होती. मग तोच प्रसंग रंगात. खाकी खाकी झाली, गालांवर लाली चढली. पुढे बसलेल्या एका बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

निघताना दिवे मालवले आणि तो लाकडी खोक्यातला टीव्ही लावला. त्यावर टेस्ट कार्ड, म्हणजे फळ्यावर फुली-गोळा खेळणारी मुलगी आणि तिचा बाहुला. फळ्यावरची एक फुली चित्राच्या बरोबर मध्यावर असते, टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला मध्य सापडावा म्हणून. आजोबांनी बटण बंद केलं. चित्र आकसलं, मध्ये एक पांढरा ठिपका उरला आणि तो हळूहळू, फार हळूहळू विझला. कुणीही त्याआधी खुर्चीवरून उठलं नाही. डोंबिवलीच्या टीव्हीवरही तो ठिपका असाच विझायचा आणि आम्ही पोरं तो जाईपर्यंत बघत बसायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी डोंबिवलीला फोन लावला. तिकडे दीड वाजला होता, काकांचं जेवण आटोपलं होतं.

"काका, आजोबांची कॅसेट कुठाय हो?"

"कपाटात, बोर्नव्हिटाच्या डब्यात. का गं? लावू?"

"नको नको, लावू नका! मी आले की आधी तिची प्रत करून घेऊ. दोन शिट्ट्या आहेत ना तिच्यात?"

"तीन," काका म्हणाले. "तिसरी अगदी शेवटी आहे, बाबा नमस्कार करतात तेव्हा."