बार्बाडोसमध्ये फिरताना साडेतीन डॉलर सुटे ठेवा

कॅरिबियनमधलं बार्बाडोस बेट लांबीला 34 किलोमीटर आणि रुंदीला 23, म्हणजे मुंबईहूनही लहान. पहिले दोन दिवस तरी गाडी भाड्यानं घेऊ नका, बसनंच फिरा, असं मी आग्रहानं सांगेन.

रस्त्यावर तीन प्रकार दिसतात. निळ्या बस सरकारी. 2020 पासून त्यांत विजेवरच्याही आल्या आहेत. पिवळ्या मिनीबस खासगी. आणि पांढऱ्या, किरमिजी पट्ट्याच्या व्हॅन, ज्यांना नंबरप्लेटवरच्या अक्षरांवरून सगळे ‘झेडआर’ म्हणतात. हे तिकडचं वडाप: गाणी मोठ्यानं, वेग भरपूर, आणि गाडी भरली असं वाटल्यावरही आणखी दोघांना जागा होते. दक्षिण किनाऱ्यावर मात्र हिच्याइतकी सोयीची दुसरी गाडी नाही. राजधानी ब्रिजटाउन ते सिल्व्हर सँड्स या 11 नंबरच्या मार्गावर फार वेळ ताटकळावं लागत नाही.

भाडं तिन्हींत एकच, साडेतीन बार्बाडोस डॉलर, अंतर कितीही असो. झेडआरमध्ये कंडक्टर सुटे परत देतो. निळ्या बसमध्ये पैसे चालकाशेजारच्या पेटीत टाकायचे असतात आणि परत काही मिळत नाही. पाचची नोट टाकली की दीड डॉलर गेला. म्हणून रोज सकाळी दोनची निळी नोट, एक डॉलरचं सात कोनांचं नाणं (त्यावर उडणारा मासा आहे) आणि पंचवीस सेंटची दोन नाणी असा संच खिशात वेगळा ठेवावा. जाण्याचा एक, येण्याचा एक.

थांब्याच्या खांबावर गोल पाटी असते: ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’. सिटी म्हणजे ब्रिजटाउन. नवखा माणूस इथंच चुकतो, कारण दोन्ही थांबे बऱ्याचदा समोरासमोर असतात. नुसतं उभं राहून बस थांबत नाही, हात दाखवावा लागतो. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना गोंधळ होत नाही.

ब्रिजटाउनला सरकारी बसची दोन मुख्य टर्मिनल आहेत. दक्षिणेला आणि पूर्वेला जायचं तर फेअरचाइल्ड स्ट्रीट. पश्चिम किनाऱ्यानं होलटाउन, स्पाइट्सटाउनकडे जायचं तर प्रिन्सेस अ‍ॅलिस. दक्षिणेकडून येऊन पश्चिमेला जाणाऱ्यानं मधलं चालणं हिशेबात धरावं. 29 जून 2024 ला भारतानं टी-20 विश्वचषक जिंकला ते केन्सिंग्टन ओव्हल प्रिन्सेस अ‍ॅलिसपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

पूर्वेच्या बाथशेबाला बस जाते, पण फेऱ्या विरळ. उतरण्याआधीच चालकाला परतीची वेळ विचारा. संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो, आणि तिथं रस्त्यावर टॅक्सी सहज मिळत नाही.

टॅक्सीला मीटर नसतो. बसण्याआधी भाडं ठरवा आणि लगेच विचारा, “कुठले डॉलर?” एक अमेरिकन डॉलर म्हणजे दोन बार्बाडोस डॉलर, हा दर कायमचा बांधलेला आहे, आणि दोन्ही चलनं सर्रास चालतात. ‘साठ’ हा आकडा ऐकून मान डोलावली आणि तो अमेरिकन डॉलरचा निघाला, तर खर्च थेट दुप्पट होतो.

गाडी घ्यायचीच असेल तर उत्तरेकडच्या आडवाटांसाठी घ्या. आपलं लायसन्स दाखवल्यावर पाहुण्यांसाठीचा परवाना गाडी देणारेच काढून देतात. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट ‘एच’पासून सुरू होते, त्यामुळे तुम्ही पाहुणे आहात हे समोरच्याला कळतं. आतले रस्ते अरुंद आहेत. ऊस उंच वाढला की वळणावर आणि चौकात पलीकडचं काहीच दिसत नाही. तिथं वेग अगदी कमी करून हॉर्न द्यावा. दुसऱ्यानं दिलेला छोटा हॉर्न मात्र बहुतेक वेळा ‘नमस्कार’ किंवा ‘आभारी आहे’ असाच असतो.

बॅग भरतानाची एक गोष्ट: लष्करी छापाचे कपडे, टोपी किंवा सॅक नेऊ नका. सामान्य माणसाला ते वापरायला तिथं कायद्यानं बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा.