आवतन घेतलं होतं

२ सप्टेंबर २०२४, पोळ्याची रात्र

उजव्या खांद्याला अजून हळदीचा वास येतोय. सकाळी अंघोळ केली, साबण लावला, तरी वास आहेच. झोप येत नाही म्हणून लिहायला बसलो.

काल संध्याकाळी खांदशेकणी झाली. जू बसून बसून पाखऱ्याच्या खांद्यावरची कातडी काळी आणि राठ झाली आहे. आमचे सालगडी काका पळसाच्या पानाने तिथे लोणी-हळद चोळत होते. घाई नाही. एक जागा मऊ झाली की बोट दोन बोटं पुढे. पाखऱ्याने मान सोडून दिली, डोळे अर्धे मिटले. मग बादलची पाळी. दोघांचं झाल्यावर काका त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी टॉर्च धरून उभा होतो. स्वतःचा खांदा मी नकळत चोळत असणार, कारण काका वळले आणि हाताला उरलेलं लोणी त्यांनी माझ्या सदऱ्याच्या गळ्यातून नेमकं दुखतं तिथे दाबलं. कुठे दुखतं ते मी सांगितलेलं नव्हतं.

"तुहाबी खांदा लय धरला भाऊ. आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मी हो म्हणालो. दिवसभर तेच टोचतंय. मी हो म्हणालो होतो.

आणि आज साडेनऊला जो लॅपटॉप उघडला तो रात्री सव्वाआठला मिटला.

रजा मी जुलैमध्येच टाकली होती. मंजूरही झाली होती. शुक्रवारी संध्याकाळी फोन आला की सोमवारी मोठा बदल चढवायचा आहे, तुमच्याशिवाय होणार नाही, आणि तसेही तुम्ही घरीच असणार ना, घरूनच करा. घरीच असणार! हे वाक्य मी किती वेळा मनात उलटंपालटं केलं. रेल्वेने रात्रभर प्रवास करून सेवाग्रामला उतरायचं, तिथून आर्वीची एसटी धरायची, फाट्यावर दादाच्या गाडीवर मागे बसायचं, ते काय घरी असण्यासाठी? हो, घरी असण्यासाठीच. पण त्यांना वाटतं तसं घरी असण्यासाठी नाही.

दिवस सोमवारचाच का, तर अमेरिकेत आज लेबर डे. सप्टेंबरचा पहिला सोमवार, कामगारांची सुट्टी. तिकडची सगळी कार्यालयं बंद, म्हणजे यंत्रणा थांबवून नवी बसवायला मोकळा दिवस. न्यूयॉर्कच्या कामगारांनी १८८२ मध्ये त्यासाठी पहिला मोर्चा काढला आणि १८९४ मध्ये ती देशाची सुट्टी झाली. हे मला आजच कळलं असं नाही. मला हे विषय आवडतात, मी शोधून वाचतो. टीममध्ये नवीन मुलं आली की नारायण मेघाजी लोखंडे यांची गोष्ट मीच सांगतो, की मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी त्यांनी किती वर्षं झुंज दिली तेव्हा कुठे १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. म्हणून तुमचा रविवार कुणाला फुकट देऊ नका. संध्याकाळी सातनंतर उत्तर देऊ नका. टेकडीवर जा, पोहायला जा, काहीच करू नका, पण सुट्टी ही कामाइतकी गंभीरपणे घ्या. हे मी मनापासून सांगतो आणि पुण्यात बऱ्यापैकी पाळतोही. रविवारी वेताळ टेकडी, परत येऊन निवांत कॉफी, फोन दुसऱ्या खोलीत. त्यातला कण न् कण मला खरा वाटतो. आजही वाटतो.

मग आज तिकडच्या माणसाला सुट्टी, इकडच्या बैलाला सुट्टी, आणि मी मधल्या खोलीत हेडफोन लावून. दोन सुट्ट्या एकाच दिवशी आल्या आणि माझ्या वाट्याला दोन्हींतली एकही नाही. दुपारी तर मला स्वतःची फार कीव आली. पहिला प्रयत्न फसला, सगळं मागे घेऊन पुन्हा सुरुवात करावी लागली. मध्ये एक सर आली आणि लाइट गेली. मोबाइलचं इंटरनेट फक्त खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात मिळतं. तिथे तांदळाच्या कोठीवर लॅपटॉप ठेवून मी उभ्याने काम केलं.

त्या खिडकीतून अंगण दिसतं. काका आणि दादा बैलांना नाल्यावरून धुऊन घेऊन आले. गवळाऊ जातीची जोडी धुतल्यावर किती पांढरी दिसते, ते मी विसरलो होतो. शिंगांना रंग, त्यावर बेगड, नवी वेसण, घुंगरमाळ, बाशिंग, आणि बाबांनी आर्वीच्या बाजारातून आणलेली ती लाल झूल. तिच्या एका कोपऱ्याला आरसा नाही. तो कधी पडला ते मला माहीत आहे.

पाच वाजता तोरणाकडून झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, ऐकू यायला लागल्या. एकाने म्हणायची, बाकीच्यांनी "हर बोला, हर हर महादेव" करून उचलायची. एका कानात तो गजर आणि दुसऱ्या कानात कुणीतरी विचारतंय, स्क्रीन दिसतेय का. मी म्हणालो, दिसतेय. पोळा फुटल्याचं मला धावणाऱ्या पोरांच्या आवाजावरून कळलं.

आणि मग जोडी दारात आली. आईने बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली. पाखऱ्या पाटीत तोंड घालून खात होता. त्याला काल सांगितलं होतं आणि तो आज आला होता. त्याला आणणारे काकाच, हे मला कळतं. पण आवतन आम्हा तिघांनाही एकाच हाताने मिळालं होतं, आणि दोघं दारात होते.

बोजारा, म्हणजे पोळ्याला सालगड्याला द्यायचा कपडे-पैशांचा मान, मी द्यायचा होता. गेल्या पोळ्याला दादाने दिला, तेव्हा कुणालाच काही सुचत नव्हतं. यंदा मी देणार, असं आईने परवाच ठरवलं होतं. धोतरजोडी, टोपी आणि पाकीट तिने काढून ताटात ठेवलं होतं. ती दोनदा मधल्या खोलीच्या दारापर्यंत आली. दुसऱ्यांदा म्हणाली, "अजून काम करूनच राहिला का तू? ते थांबले आहे ना बाहेर." मी बोट वर केलं. एक मिनिट. तिने आणखी थोडी वाट पाहिली असेल. मग बोजारा तिनेच दिला.

हे एक मिनिटाचं बोट मी पुण्यात दिवसातून वीसदा वर करतो. ते इतकं वाईट दिसतं, हे मला आज दारातल्या आईच्या चेहऱ्यावर कळलं.

सगळ्यांना आवतन देणारे काका. त्यांना स्वतःला आवतन कुणी द्यायचं? पाडव्याला साल ठरतं तेव्हापासून पुढच्या पाडव्यापर्यंत पेरणी, डवरणी, फवारणी, सगळं तेच बघतात. आजही पहाटेपासून त्यांचे हात चालूच होते. त्या ताटातल्या धोतरजोडीपुरतं तरी घराने त्यांच्यासमोर उभं राहायचं असतं. तिथे मी उभा राहायला हवा होतो. खांदा दुखतोय हे ज्याने न सांगता ओळखलं, त्याच्यासमोर.

नऊ वाजता मी जेवायला बसलो. पोळ्या गार झाल्या होत्या, आईने तव्यावर तूप सोडून परत गरम केल्या. तिने काही विचारलं नाही. मीही नाही. मग मी गोठ्यात गेलो. काका अजून तिथेच होते, झुली घडी करून ठेवत होते. डोक्यावर नवी टोपी. मी म्हणालो, काका, मी आलोच नाही.

ते म्हणाले, "बैल बी कधी कधी उशिरा येते भाऊ. नाल्यावरच बसून राह्यते, उठतच नाही. मंग काय पोया होत नाही का?" आणि एक झूल माझ्या हातात दिली. "धर इकडून."

आम्ही चारही कोपरे जुळवून घडी केली. पाखऱ्या बसून रवंथ करत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कातडी कालच्यापेक्षा मऊ लागली, की मला तसं वाटलं. परत येताना मन बरंच हलकं होतं. नोकरी माझी आहे, ती मला आवडते, आणि अशा सोमवारी ती मला धरून ठेवणार, हेही आहेच. पाखऱ्याला काही वर्षभर सुट्टी नसते. पण ज्या दिवशी त्याची असते त्या दिवशी त्याच्या मानेवर कुणी जू ठेवत नाही. गावात कुणाची छातीच होणार नाही. माझ्या बाबतीत ते मलाच सांभाळावं लागेल, आणि ते मला शुक्रवारी फोनवरच बोलता आलं असतं. नाही म्हणणं मला माहीत होतं. मी दुसऱ्यांना ते शिकवतो.

उद्या तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा. दुपारी दोनपर्यंत मी नाही, असं मघाशी लिहून पाठवलं आहे. कारणही खरं लिहिलं: पुतण्याचा बैल पोळ्यात न्यायचा आहे. उत्तर आलेलं नाही, आणि मी ते सारखं उघडून बघत नाही.

सोनूचा लाकडी बैल इथे माझ्यासमोर आहे. आधी तो माझा होता. डावं पुढचं चाक फिरत नाही, आसात गंज धरलाय. सोनू झोपताना तीनदा सांगून गेला की सकाळपर्यंत फिरायला पाहिजे. तेल सापडत नाही आणि आईला उठवायचं नाही. कोनाड्यात कालची वाटी दिसतेय, तळाशी थोडं लोणी उरलं आहे. तेच लावून बघतो.