पोर्टरसाठी पोर्टलँडपर्यंत

सिएटलहून पोर्टलँडला जायचे तर आय-५ हा महामार्ग सरळ दक्षिणेला जातो. अंतर पावणेदोनशे मैल आहे, आणि टकोमापाशी गाड्यांची रांग आडवी आली नाही तर तीन तासांत माणूस पोहोचतो. आम्ही २०२३ च्या सप्टेंबरात याकिमामार्गे वळसा घेऊन हेच अंतर सव्वातीनशे मैलांचे केले, आणि तेही कशासाठी, तर पोर्टर ही काळी बिअर घरी करायला सव्वाअकरा पौंड माल्ट, दोन औंस हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची बोंडे) आणि यीस्टची एक पिशवी आणण्यासाठी. मूळचा नाशिकचा एक मित्र बरोबर होता. निघताना त्याने एवढेच विचारले, "लेका, हे घरपोच येत नाही का?"

येते. पण त्याआधी हा खटाटोप का करावा लागला ते सांगायला हवे.

मी गेली नऊ वर्षे घरी बिअर करतो. माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर या कामाच्या सामानाचे एक दुकान होते. आत पाऊल टाकले की भाजलेल्या धान्याचा जो वास येई, तो मला थेट आजीच्या स्वयंपाकघरात, नाचणीला मोड आणून सत्त्व करण्याच्या दिवसांत नेऊन सोडत असे. वास सारखा येतो यात नवल नाही, कारण माल्ट म्हणजे तरी दुसरे काय, भिजवून मोड आणलेला आणि मग भट्टीत वाळवलेला सातू. कमी तापवला तर फिका आणि गोडसर राहतो, जास्त भाजला तर कॉफीसारखा काळा आणि कडवट होतो. दुकानात असे तीसेक प्रकार झाकणाच्या डब्यांत भरलेले असत. आपण पळीने हवे तेवढे घ्यायचे, तराजूवर तोलायचे आणि कोपऱ्यातल्या गिरणीतून भरडून न्यायचे. चार औंस हवे असतील तर चार औंस मिळत, अगदी वाण्याकडे जिऱ्यामोहरीची पुडी मिळावी तसे. मालक माणूस मितभाषी होता, पण कागदी पिशवीवर माल्टचे नाव, वजन आणि तारीख जाड पेनाने लिहून दिल्याशिवाय पिशवी हातात देत नसे.

२०२३ च्या उन्हाळ्यात ते दुकान बंद झाले. भाडे वाढले होते, वय झाले होते, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक आटले होते. महामारीत घरी अडकलेल्या लोकांनी पाव भाजायला आणि बिअर करायला एकदमच सुरुवात केली आणि तितक्याच झपाट्याने ती सोडलीही. शिवाय चांगली बिअर मिळत नाही म्हणून घरी करावी, हे जुने कारणच उरलेले नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बिअरचे कारखाने शंभराच्याही आत होते, आज ते नऊ हजारांवर आहेत. घरी बिअर करणे संघीय कायद्याने वैध झाले ते जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या विधेयकामुळे, आणि हा कायदा १९७९ च्या फेब्रुवारीत अमलात आला. त्यानुसार दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरांहून थोडी जास्त बिअर स्वतःपुरती करता येते, विकता मात्र येत नाही. आजच्या नऊ हजारांतल्या कितीतरी कारखान्यांचे मालक आधी गॅरेजमध्ये पातेली घेऊन बसलेले होते. म्हणजे ज्या दुकानांनी त्यांना घडवले, त्या दुकानांचे गिऱ्हाईक शेवटी त्यांनीच तोडले, असेही म्हणता येईल.

अर्थात दोष दुसऱ्यांवर ढकलून मोकळे होणे मला शोभत नाही. माझे मोठे स्टीलचे पातेले, बिअर साठवायची दोन पिंपे (केग) आणि तापमान राखणारे यंत्र, हे सगळे मी चाळीस-पन्नास डॉलर वाचवण्यासाठी ऑनलाइन मागवले होते. दुकानातून मी नेत असे तो फक्त किरकोळ माल, आणि त्याबरोबर अर्ध्या तासाचा फुकट सल्ला. त्या सल्ल्याचा खर्च पातेल्याच्या नफ्यातून निघतो, हा साधा हिशेब आम्हा गिऱ्हाइकांपैकी कोणी केला नाही.

त्याच जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुइंग या बिअरच्या कारखान्याने काम थांबवत असल्याचे जाहीर केले. अँकरची पोर्टर ही मी अमेरिकेत चाखलेली पहिली काळी बिअर. ती आता मिळणार नाही म्हटल्यावर आपणच पोर्टर करावी असे मी ठरवले. माल्ट ऑनलाइन मागवला तर मालाइतकाच पाठवणावळीचा खर्च येत होता, तरीही ऑगस्टमध्ये मी यीस्ट तसेच मागवले. द्रवरूप यीस्ट जिवंत असते आणि त्याला थंडावा लागतो. माझी पिशवी दोन दिवस तळपत्या गाड्यांतून फिरून दारात येऊन पडली, तेव्हा सोबतच्या बर्फाच्या पाकिटाचे कोमट पाणी झाले होते. या पिशवीच्या आत अन्नद्रव्याची एक छोटी पुडी असते. तळहाताने जोरात थाप मारून ती फोडायची, मग यीस्ट जागे होते आणि काही तासांत पिशवी टम्म फुगते. माझी पिशवी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सपाटच होती. विरजण मेले की दूध लागत नाही, हे ज्या घरात वाढलो तिथे कोणी शिकवावे लागले नव्हते. शेजारच्या काकूंकडे वाटी घेऊन जायचे, एवढाच काय तो उपाय. इथे ती वाटी घेऊन जायला जवळचे दारच उरले नव्हते.

म्हणून पोर्टलँड. तिथे एफ. एच. स्टाइनबार्ट हे १९१८ पासूनचे दुकान आहे, या धंद्यातले अमेरिकेतले सर्वांत जुने. आणि जायचेच आहे तर हॉप्सच्या काढणीच्या दिवसांत याकिमावरूनच जाऊ, हा हट्ट माझा.

स्नोक्वाल्मी खिंड ओलांडली की हिरवे ओले जंगल मागे पडते आणि एलेन्सबर्गनंतर उघड्या, पिवळ्या गवताच्या टेकड्या सुरू होतात. अमेरिकेतले सुमारे तीन चतुर्थांश हॉप्स वॉशिंग्टन राज्यात, त्यातही या याकिमा खोऱ्यात पिकतात. मॉक्सी गावाबाहेर आम्ही गाडी थांबवली. अठरा फूट उंच खांब, त्यांवर तारा, आणि तारांवरून जमिनीपर्यंत सोडलेल्या नारळाच्या काथ्याच्या दोऱ्या. वेल त्या दोरीला विळखे घालत वर जातो आणि काढणीला दोरीसकट खाली येतो. मित्राच्या चुलत्यांच्या द्राक्षबागा आहेत. तो मान वर करून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "एवढ्या उंच मांडवाला मजूर कुठून आणतात?" वेल वरून-खालून कापून ट्रकमध्ये टाकणारी यंत्रे पलीकडच्या ओळीत चाललेली दिसली, तेव्हा त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले. ट्रकमधून रस्त्यावर पडलेला एक बोंड मी उचलून तळहातावर चुरगाळला. आतून पिवळीजर्द, चिकट पूड निघाली, आणि लिंबाची साल, ओले गवत आणि किंचित लसूण असा मिश्र वास बोटांना चिकटला. तो जेवणापर्यंत गेला नाही.

इथे हॉप्स भट्टीत वाळवून दोनदोनशे पौंडांच्या गाठी बांधतात. गोदामांपुढे त्या गाठींच्या थप्प्या पाहताना मला गंमत वाटली, कारण जगाला पुरवठा करणाऱ्या या खोऱ्यात मी दोन औंसांसाठी निघालेला प्रवासी होतो, आणि तेही इंग्लंडच्या ईस्ट केंट गोल्डिंग्ज या जातीसाठी. पोर्टरला हॉप्स कमीच लागतात, हे मित्राला मी याकिमा मागे पडल्यावरच सांगितले.

टोपनिशमध्ये हॉप्सचे एक छोटे संग्रहालय आहे. तिथे हाताने खुडणीच्या काळातल्या टोपल्या आणि जुने फोटो पाहिले. मग सेटस खिंड, गोल्डनडेल, आणि कोलंबिया नदीच्या काठावर मेरीहिलचे काँक्रीटचे स्टोनहेंज, जे पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांचे स्मारक आहे. वारा असा होता की गाडीचे दार उघडताना दोन्ही हात लावावे लागले. मुक्काम हूड रिव्हरला केला. समोरच्या माउंट हूडचे मूळ नाव वायईस्ट, आणि द्रव यीस्ट बनवणारी त्याच नावाची प्रयोगशाळा याच खोऱ्यात आहे. नावात यीस्ट आहे हा इंग्रजीचा निव्वळ योगायोग, पण तो त्यांनी सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच आम्ही पोर्टलँडच्या बाराव्या अव्हेन्यूवर हजर होतो. ऑरेगॉन राज्यात दारूबंदी १९१६ मध्येच आली, देशभरची बंदी १९२० ची. म्हणजे हे दुकान सुरू झाले तेव्हा राज्यात बिअर विकणेच बेकायदा होते. असल्या मुहूर्तावर निघालेले दुकान शंभर वर्षे टिकते आणि भर सुबत्तेत माझ्या गावचे बंद पडते, याचा विचार करत मी आत शिरलो, आणि तो वास आला.

यादी मी पाठ करून आणली होती: नऊ पौंड मॅरिस ऑटर हा फिका माल्ट, एक पौंड ब्राउन माल्ट, बारा औंस क्रिस्टल माल्ट, आठ औंस चॉकलेट माल्ट, म्हणजे चॉकलेटच्या रंगाचा होईपर्यंत भाजलेला. काउंटरमागच्या बाईंनी यादी वाचली आणि भरडण्याआधी विचारले, "पाणी कुठले वापरता?" नऊ वर्षांत हा प्रश्न मला एकाही संकेतस्थळाने विचारला नव्हता. मी सिएटल म्हटल्यावर त्या हसल्या. सिएटलला सीडर आणि टोल्ट नद्यांचे पाणी येते, पोर्टलँडला बुल रनचे, आणि दोन्ही अगदी मृदू. काळा माल्ट आम्ल असतो. मृदू पाण्यात त्याला अडवणारे क्षार नसल्यामुळे पाण्याची आम्लता वाढते आणि बिअरला जळक्या कॉफीचा बोचरा उग्रपणा येतो. माझी याआधीची पोर्टर नेमकी तशीच झाली होती, आणि मी दोष माल्टच्या भाजणीला दिला होता. त्यांचा उपाय सोपा होता. फिका माल्ट नेहमीसारखा ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरू द्यायचा आणि चॉकलेट माल्ट शेवटच्या पंधरा मिनिटांतच घालायचा. मग त्यांनी तो आठ औंस वेगळ्या पिशवीत भरडला आणि पिशवीवर जाड पेनाने लिहिले, "शेवटी". इंग्रजीतच लिहिले, पण मला ते मराठीतच वाचल्यासारखे वाटले.

मित्राला मी ब्राउन माल्टचे चार दाणे चावायला दिले. तो म्हणाला, "फुटाण्यांसारखे लागतात, थोडे करपलेल्या." यीस्ट फ्रिजमधून काढून बर्फाच्या डब्यात ठेवले, आणि परतीला मुकाट्याने आय-५ धरला. पिशवीवरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती. शनिवारी सकाळी तिला थाप मारली आणि दुपारपर्यंत ती उशीसारखी फुगली. पोर्टर सुरळीत आंबली. दोन आठवडे १८ अंशांवर राहिली, आणि चाखून पाहिली तेव्हा जळकेपणाचा मागमूस नव्हता.

बाटल्या भरायच्या दिवशी लक्षात आले की मी पत्र्याची बुचे आणायला विसरलो आहे. सव्वातीनशे मैलांच्या वळशात, शंभर वर्षांच्या दुकानात उभा असताना, तीन-चार डॉलरची बुचे! संगणकावर पाहिले तर पाठवणावळ बुचांपेक्षा महाग होती. स्वयंपाकघरातले खण उपसताना जुन्या दुकानाची एक कागदी पिशवी सापडली. तिच्यावर ओळखीच्या जाड अक्षरांत १४४ हा आकडा आणि कुठल्याशा मार्च महिन्याची तारीख होती, आणि आत उरलेली एकतीस बुचे होती. एकतीस बाटल्या भरल्या. उरलेली सात लिटर पोर्टर मित्राकडून मागवलेल्या सोड्याच्या दोन-दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरली, आणि त्यातली एक न्यायला तो रविवारी स्वतःच आला.