कॅडमध्ये कोकणासाठी कोणता कोड टाकायचा, आणि तो शोधायचा कसा

गूगल अर्थचं केएमएल (त्याची नकाशाची फाइल) किंवा डीजीपीएसचे (अचूक जीपीएसचे) पॉइंट ऑटोकॅड मॅप थ्रीडीमध्ये आणून लिस्पने (ऑटोकॅडच्या स्क्रिप्टच्या भाषेने) शेकडो पॉइंट एकदम कन्व्हर्ट करायचे असतील तर गणिताचं टेन्शन नसतं, ते सॉफ्टवेअर करतं, गाडी अडते ती कोऑर्डिनेट सिस्टीमच्या, म्हणजे जागा आकड्यात मांडायच्या पद्धतीच्या, कोडपाशी. क्यूजीआयएसवर (दुसरं नकाशाचं सॉफ्टवेअर) काम करणारा माणूस ३२६४३ सांगतो, तो ईपीएसजी नंबर (सगळीकडे चालणाऱ्या यादीतला सिस्टीमचा नंबर) आणि बरोबरच आहे, पण मॅपच्या लिस्प फंक्शनला स्वतःच्या लायब्ररीतला कोड लागतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड सगळीकडे मीटरमधल्या यूटीएमच्या झोन ४३ साठी तो यूटीएम८४-४३एन (UTM84-43N), आणि अंशातल्या लॅट-लाँगसाठी एलएल८४ (LL84). गावात एकाच माणसाचं नाव सातबाऱ्यावर वेगळं आणि हाकेला वेगळं असतं ना, तसंच, सिस्टीम तीच.

कोड पाठ करत बसू नका, ड्रॉइंगलाच विचारा. मॅपसीएसअसाइन (MAPCSASSIGN) कमांड देऊन लिस्टमधून हवी ती सिस्टीम ड्रॉइंगला लावायची आणि मग कमांड लाइनवर कंसात एडीई_प्रोजगेटडब्ल्यूएसकोड (ade_projgetwscode) टाकलं, की ड्रॉइंग स्वतः कोड सांगतं, तो जसाच्या तसा कॉपी करून स्क्रिप्टमध्ये टाकायचा. मला ही पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते कारण कुठे डॅश असतो कुठे टिंब असतं, हाताने टाइप करण्यात अर्थ नाही. डॉटनेटमध्ये लिहित असाल तर अजून सोपं, ईपीएसजी नंबरवरून डब्ल्यूकेटी (सिस्टीमचं मजकुरातलं वर्णन) आणि डब्ल्यूकेटीवरून कोड असं एपीआयच काढून देतं.

पुढे लिस्पमध्ये सोर्स (आहे ती सिस्टीम) सेट, डेस्टिनेशन (हवी ती) सेट, पॉइंट फॉरवर्ड (पॉइंट कन्व्हर्ट), एवढंच. फक्त एलएल८४ ला आधी लाँगिट्यूड लागतं मग लॅटिट्यूड, म्हणजे ७३ आधी आणि १७ नंतर, उलटं दिलं तर रत्नागिरीचा पॉइंट नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो!

आणि उत्तर आलं की आकड्याकडे नीट बघा. यूटीएममध्ये रत्नागिरी शहराचं ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा, मीटरमध्ये) ३ लाख २० हजाराच्या आसपास आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचा) १८ लाख ८० हजाराच्या आसपास यायला हवं. ईस्टिंग ८१ लाखाच्या पुढे दिसलं तर डेटा वेब मर्केटरमध्ये (ऑनलाइन नकाशांच्या सिस्टीममध्ये) आहे, त्याच्यावर अंतर मोजायचंच नाही, आपल्याकडे ते साडेचार टक्के जास्त भरतं, १००० मीटरचा रस्ता १०४५ मीटर दाखवतो.

खरा धोका मात्र जुन्या टोपोशीटचा, कारण तिथे आकडे दिसायला ठीकच असतात. ती एव्हरेस्ट स्फेरॉइडवर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं माप), कल्याणपूर डेटमवर (लॅट-लाँग मोजायचा जुना पाया), आणि तिच्यावरचं लॅट-लाँग एलएल८४ समजून कन्व्हर्ट केलं की आपल्या किनाऱ्यावर सगळं शंभरेक मीटर सरकतं. आता सीआरझेड २०१९ मध्ये (किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमात) विरळ वस्तीच्या गावांना भरतीरेषेपासून २०० मीटर आणि दाट वस्तीच्या गावांना ५० मीटर नो डेव्हलपमेंट झोन (बांधकामाला मनाईचा पट्टा) आहे, मग शंभर मीटर म्हणजे काय ते बघा, एखाद्याचं घर कागदावर झोनच्या आत किंवा बाहेर होतं. म्हणून टोपोशीटच्या मार्जिनमध्ये काय छापलंय ते वाचल्याशिवाय सोर्स कोड टाकूच नये असं मला मनापासून वाटतं.

अजून एक, हे मला फार आवडतं. झोन ४३ ची मधली रेषा ७५ अंशावर, तिथे स्केल (ग्रिडवरचं म्हणजे यूटीएमच्या आकड्यातलं अंतर भागिले खरं अंतर) ०.९९९६, आणि तिथून पश्चिमेला साधारण १८० किलोमीटरवर स्केल बरोबर १ होतो, रत्नागिरी शहर जवळजवळ त्याच रेषेवर आहे. त्यामुळे तिथे टोटल स्टेशनचं (सर्व्हेच्या यंत्राचं) जमिनीवरचं अंतर आणि ग्रिडवरचं अंतर जवळपास सारखंच येतं. मालवणला ग्रिडवर किलोमीटरमागे सातेक सेंटीमीटर कमी भरतं आणि अलिबागला वीसेक सेंटीमीटर जास्त. रायगडातल्या लांब रस्त्याच्या आखणीत हा फरक धरावाच लागतो.

ड्रॉइंग दुसऱ्याला देताना टायटल ब्लॉकमध्ये मॅपचा कोड आणि ईपीएसजी नंबर दोन्ही लिहून टाका, समोरचा कुठल्या सॉफ्टवेअरवर बसलाय ते आपल्याला कुठे माहीत असतं.