कुंभार गल्लीतली महालक्ष्मी : आमची वाटचाल

कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आमचा गणपतीचा कारखाना. आजोबांनी सुरू केला, आण्णांनी वाढवला, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. स्टेशन हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गाडीची शिट्टी ऐकतच आमची पिढी रंगकाम शिकली. पण आपल्याला कधी रेल्वेचे डबे रंगवावे लागतील, असं मनातही आलं नव्हतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. गणपती महिन्यावर आले होते, निम्म्या मूर्ती रंगून तयार होत्या आणि पाणी गल्लीत शिरलं. माडीवर चढवता आल्या तेवढ्या वाचल्या. त्या वर्षाबद्दल यापेक्षा जास्त लिहवत नाही.

गाळ काढायचं काम चालू असताना एक निवृत्त गार्डकाका पुठ्ठ्याचा खोका घेऊन आले. आत रेल्वेचे नऊ छोटे डबे, एचओ मापाचे, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे. पुराचा चिखल निघावा म्हणून घरात कुणीतरी ते तारेच्या घासणीनं घासले होते. रंग खरवडला होता, अक्षरं गेली होती. काका म्हणाले, "मूर्तीवर हात फिरवता तसा ह्यांच्यावर बी फिरवा. आणि निळा रंग नको. मी महालक्ष्मी एक्सप्रेसवर ड्युटी केली, तवा डबं तांबडं हुतं."

आम्ही हो म्हणालो, पण प्लॅस्टिकची रीत वेगळी. आमचा नेहमीचा थिनर डब्याच्या तळाला लावून पाहिला, तर प्लॅस्टिक बोटाला चिकटायला लागलं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. चाकं, काचा, आतली बाकं काढून डबे रात्रभर त्यात बुडवले आणि सकाळी मऊ टूथब्रशनं जुना रंग उतरवला. इथवर जमलं. पुढे मात्र सवय नडली. पावसाळ्यात मूर्ती वाळवायला आम्ही हॅलोजन लावतो, तसाच प्रायमर मारलेल्या डब्यावर लावला. अर्ध्या तासात छत धनुष्यासारखं वाकलं. काकांना त्याच दिवशी सांगितलं आणि तसाच डबा आमच्या खर्चानं मागवून दिला. तेव्हापासून डबे झाकणाच्या खोक्यात, धूळ न बसता, आपल्या गतीनं वाळतात. हवा फार दमट असेल तर लॅकर मारतच नाही, कारण त्यावर पांढरी झाक धरते.

खरा वेळ गेला तो तांबड्यात. मद्रासच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासून बनलेले हे डबे कित्येक वर्षं याच रंगात धावले. निळा नव्वदीच्या दशकात आला. पण तो तांबडा नेमका कुठला? काकांच्या जुन्या फोटोंचा रंग उडालेला. त्यांचे दोन मित्र आले. एक म्हणाले गेरू, दुसरे म्हणाले वाळलेली मिरची. पुठ्ठ्याच्या अकरा तुकड्यांवर अकरा छटा करून दिल्या. कारखान्यातल्या ट्यूबलाईटखाली निवडलेली छटा बाहेर उन्हात तिघांनाही पटेना. शेवटी उन्हातच निवडायची असं ठरलं. शिवाय खऱ्या गाडीचा रंग जसाच्या तसा लहान डब्यावर मारला तर तो जास्त गडद दिसतो. म्हणून त्यात चिमूटभर पांढरा मिसळावा लागतो. मूर्तिकाराला हे सांगावं लागत नाही. सहा इंची मूर्तीचं पितांबर आणि मंडळाच्या मूर्तीचं पितांबर आम्ही एकाच डब्यातून रंगवत नाही.

आता एअरब्रशनं, ०.३ मिलिमीटरच्या नोझलनं, तीन पातळ हात देतो. मग चकचकीत वार्निश, त्यावर पाण्यात भिजवून सरकवायची अक्षरं आणि सर्वात शेवटी मॅट. खरबरीत रंगावर थेट अक्षरं लावली तर खाली हवा राहते आणि कडा चंदेरी दिसतात.

आमच्याकडचा सर्वात मोठा हात मात्र माझ्या चुलतीचा. गल्लीत डोळ्यांच्या आखणीसाठी काकूंचं नाव घेतात. दुसऱ्या एका गिऱ्हाईकानं १९३० सालच्या डेक्कन क्वीनचे डबे मागितले. तेव्हा तिच्या दोन गाड्या होत्या, एक चंदेरी आणि तांबडी, दुसरी गडद निळी आणि त्यावर सोनेरी रेघा. आम्हाला दुसरी करायची होती. डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत २४ सेंटिमीटर, रेघ अर्ध्या मिलिमीटरची. मी टेप लावून तीनदा बिघडवली. काकूंनी झिरो नंबरचा ब्रश घेतला, करंगळी डब्यावर टेकवली आणि म्हणाल्या, "डोळं आखताना श्वास कसा धरतूस? तसाच धर. आणि हात नको हलवू, डबा सरकव." रेघ एका दमात पुरी झाली. त्या दिवसापासून रेघांचं काम त्यांचं, आणि पाटीवर त्यांचं नाव भागीदार म्हणून आहे.

पहिलं प्रदर्शन दसरा चौकात, शाहू स्मारक भवनात झालं. छंदाची मंडळी आपापल्या गाड्या घेऊन आली होती. आम्ही आठ फुटांच्या फळीवर रुकडीजवळचा पंचगंगेचा रेल्वेपूल केला आणि त्यावरून काकांची महालक्ष्मी सोडली. आदल्या रात्री काकांनी बघता बघता एका डब्यावर बोट ठेवलं. "हा झिरो चारचा कसा?" डब्याच्या नंबरातले पहिले दोन आकडे बांधणीचं साल सांगतात. २००४ चा डबा तांबडा असणं शक्य नव्हतं. रात्री अकराला तो नंबर उतरवून ८६ चा लावला.

एका मुलानं चाकं आत का वाटतात असं विचारलं. बरोबर बघितलं होतं त्यानं. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, या मापात ते सव्वाएकोणीस यायला हवं. बाजारातले रूळ साडेसोळाचे, कारण ते युरोपातल्या गेजचे. एका आजोबांनी छोटी लाईन मागितली. १८९१ मध्ये शाहू महाराजांच्या काळात मिरज-कोल्हापूर सुरू झाली ती मीटरगेज, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर असलेली होती, १९७१ पर्यंत. ते काम बारा मिलिमीटरच्या रुळावर होईल, आणि ते आम्ही घेतलंय.

गाडी सुटायच्या आधी गार्डकाकांनी खिशातून काडेपेटी काढली. आत त्यांनीच कापून रंगवलेली नखाएवढी एलव्हीची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'ची पाटी होती. ही शेवटच्या डब्यावर नसेल तर गाडी पूर्ण आली असं स्टेशनमास्तर धरत नाही. चिमट्यानं ती अडकवली, दोन पावलं मागं सरकले आणि मला मान हलवून खूण केली. मी रेग्युलेटर फिरवला.

आता दिवाळीनंतर ते मेअखेर डब्यांचं काम घेतो. एका डब्याला आठ दिवस लागतात, घाई असेल तर आधीच नाही म्हणतो. जूनपासून गणपती.