तुम्ही विचारलंत म्हणून: मदत म्हणून औषधं का घेत नाही?

कुठे भूकंप झाला की दोन दिवसांत माझे फोन सुरू होतात. 2015 ला नेपाळच्या वेळी झाले, 2023 ला तुर्कीच्या वेळी झाले. "काका, घरात बरीच औषधं पडलीयेत, कुठे पाठवू?" मी म्हणतो, पाठवू नका, जमतील तेवढे पैसे द्या. पलीकडे जरा वेळ शांतता. मग ठरलेला प्रश्न: "तुम्ही स्वतः किल्लारीच्या वेळी औषधं घेऊन गेला होतात ना? मग आता पैसेच का मागता?"

गेलो होतो. सोलापुरात काकांच्या औषधांच्या दुकानात बसायचो, चोवीस वर्षांचा होतो. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट सगळ्यांना ठाऊक आहे, ती सांगत बसत नाही. आदल्या रात्री विसर्जन झालेलं. ज्या टेम्पोतून मंडळाचा गणपती गेला, त्याच टेम्पोतून दुपारी आम्ही नवी पेठेत दारोदार फिरलो. संध्याकाळी एकोणचाळीस खोकी भरली. फळ्यांवरचा गुलाल खोक्यांना लागला होता. उमरग्याला पोचेपर्यंत छाती फुगलेली होती, खोटं कशाला बोलू.

तिथे एका शाळेत आम्हाला खोली मिळाली. सलाईनच्या बाटल्या आणि प्लास्टरच्या पट्ट्या होत्या, त्या तासाभरात उचलल्या गेल्या. त्या कामी आल्या, हेही लिहून ठेवतो. बाकी खोक्यांत काय होतं? खोकल्याची अर्धवट बाटली. सॅम्पलच्या गोळ्या. कात्रीने कापलेल्या पट्ट्या, ज्यांवर नाव नाही, मुदत नाही. भूक वाढवायची टॉनिकं. बाहेर पाऊस, आत आम्ही तिघं जमिनीवर बसून ढीग लावतोय.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आली. सास्तूरकडची. डोक्याला पट्टी बांधलेली, पण स्वतःसाठी काही मागितलं नाही. "दादा, लेकराच्या फिटच्या गोळ्या हायत का? बारक्या, पांढऱ्या. रोज रातच्याला एक देत होते. भितीखाली गेल्या समद्या."

गार्डिनाल असणार, मला लगेच कळलं. म्हटलं, थांबा, बघतो. बघत राहिलो. बारक्या पांढऱ्या गोळ्या ढिगात शेकड्यांनी होत्या, आणि कोणती कशाची हे सांगायला त्यांच्यावर अक्षर नव्हतं. अशी गोळी मी लेकराला कशी देणार? दोन तास ती दारात उभी होती. मुलगा आठ वर्षांचा, मावशीजवळ ठेवून आली होती. गोळी एकदम बंद झाली तर झटके उलट जोरात येतात, हे मला माहीत होतं. तिलाही अनुभवाने माहीत होतं, म्हणून तर ती आली होती. शेवटी म्हणालो, "मावशी, उद्या या. अजून अकरा खोकी उघडायचीत."

संध्याकाळी आमचा टेम्पो सोलापूरला परत गेला, रिकामा. काकांच्या दुकानात, डावीकडून तिसऱ्या खणात, गार्डिनालचा डबा होता. चिठ्ठी लिहून दिली असती तर सकाळी गोळ्या हातात आल्या असत्या. मला सुचलंच नाही. समोर ढीग होता, म्हणून मी ढिगात शोधत होतो.

पट्टी सापडली चौथ्या दिवशी, 'लहान मुलांची टॉनिकं' लिहिलेल्या खोक्यात. बाई आली नाही. नाव विचारलं नव्हतं. तिला दुसरीकडे गोळ्या मिळाल्या असतील. असं मी म्हणतो.

पुढे वाचलं की 1988 च्या आर्मेनियाच्या भूकंपात किमान 5,000 टन औषधं आणि वैद्यकीय सामान आलं, आणि नेमकं काय आलंय हे कळायला पन्नास माणसांना सहा महिने लागले. 1996 साली जागतिक आरोग्य संघटनेने नियम काढले: मुदत निदान वर्षभर शिल्लक हवी, नाव कळेल अशा भाषेत हवं, रुग्णांनी परत केलेली आणि सॅम्पलची औषधं नकोत. वाचताना वाटलं, आमचाच टेम्पो तपासून लिहिलेत.

पण तो चोवीस वर्षांचा मी अजून भांडतो. म्हणतो, पैशाला तरी पाय नसतात का? पैसे देऊन माणूस मोकळा होतो, खोकं उचलणारा निदान उमरग्यापर्यंत येतो. आणि त्या दिवशी कमी पडले ते पैसे नव्हते, तुझं डोकं होतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी फोनवर मी "पैसे द्या" असंच म्हणतो, आणि जरा तुसडेपणानेच म्हणतो. कुणी दुखावलं गेलं असेल तर ते त्या बाईमुळे, तुमच्यामुळे नाही.

परवा कुणीतरी दुकानाच्या पायरीवर पिशवी ठेवून गेलं. अर्ध्या पट्ट्या, एक मलम, मुदत गेलेली डोळ्यांची औषधं. टाकूनच द्यायची होती. आधी काउंटरवर उलटी केली आणि एकेक पट्टी उजेडात धरून बघितली.

गार्डिनाल नव्हती.