पुढचे पुस्तक जोडीने निवडावे

मनात रुतून बसलेले पुस्तक संपले की चार दिवस दुसरे काही हातात धरवत नाही आणि मग नेहमीचा प्रश्न समोर येतो, आता पुढे काय वाचायचे? आमच्या वाचनगटात हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक भेटीत निघतो आणि त्यावर सुचवली जाणारी पुस्तके बहुधा नुकत्याच संपलेल्या पुस्तकाची भावंडे असतात. जिद्दीची कहाणी आवडलेल्याला दुसरी जिद्दीची कहाणी सांगितली जाते, ऐतिहासिक कादंबरीत रमलेल्याला आणखी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी दिली जाते. मला या बाबतीत वेगळेच सांगावेसे वाटते. प्रेरणादायी पुस्तक आणि कथा-कादंबरी यांची जोडी लावून वाचावी. दोन्हींचा मुलूख, काळ किंवा प्रश्न एक असावा आणि पहिल्याने ज्यांच्याबद्दल फारसे सांगितले नाही, त्यांना दुसऱ्यात शोधावे.

असे म्हणण्यामागे कारण आहे. चरित्र किंवा आत्मकथन आपल्या हाती येते तेव्हा त्या माणसाने काय मिळवले हे आपल्याला मुखपृष्ठावरच कळलेले असते, त्यामुळे आत भोगलेली उपासमार, अपमान, नापास होणे हे सगळे वाचताना वरच्या पायरीकडे नेणारे वाटू लागते. प्रत्यक्ष भोगणाऱ्याला त्या वेळी तसे मुळीच वाटलेले नसते. कादंबरीकाराला मात्र कोणाला यशापर्यंत पोहोचवून देण्याचे बंधन नसते. जो मागे राहिला, ज्याला संधी मिळाली नाही किंवा जो मध्येच खचला, त्याच्याजवळ तो शेवटच्या पानापर्यंत थांबू शकतो. म्हणून मला दोन्ही हवे असतात, आणि शक्यतो लागोपाठ.

नाशिककरांसाठी अशी पहिली जोडी अगदी घराजवळची आहे. आज विमानतळासाठी आणि विमानांच्या कारखान्यासाठी ओळखले जाणारे ओझर हे नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ या पुस्तकातील कुटुंबाचे मूळ गाव. १९९३ साली आलेल्या या पुस्तकात गाव सोडून मुंबईला गेलेला बाप आपल्या मुलांना शिक्षणाच्या जोरावर कुठवर नेतो, हे वाचताना छाती भरून येते. त्याच्या मागोमाग बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह हाती घ्यावा. बागूल नाशिक रोडजवळच्या विहितगावचे, आणि हा संग्रह १९६३ सालचा, म्हणजे जाधवांच्या पुस्तकाच्या तीस वर्षे आधीचा. शीर्षककथेतील तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परक्या गावी येतो, डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवतो, आणि पुढची सगळी कथा त्या लपवण्याच्या ताणावर उभी राहते. कोणी साधे नाव-गाव विचारले तरी वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. बापाने मुलांना ज्या जगातून बाहेर काढले, ते जग बाहेर पडू पाहणाऱ्याचा पाठलाग कसे करीत असे, हे या कथेतून समजले आणि त्यानंतर मी जाधवांचे पुस्तक पुन्हा वाचले, तेव्हा त्यातील बापाचा करारीपणा मला कितीतरी मोठा दिसला.

दुसरी जोडी मी आमच्या इमारतीतील एका मुलामुळे जुळवली. तो स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, दिवसभर अभ्यासिकेत बसतो आणि रात्री झोपण्यापूर्वी अधिकाऱ्यांची आत्मकथने वाचतो. राजेश पाटील यांचे ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू!’ त्याला जवळपास पाठ आहे. जळगाव जिल्ह्यातील एका खेड्यात पाव विकून, दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करून शिकलेला मुलगा भारतीय प्रशासकीय सेवेत जातो, ओडिशात जिल्हाधिकारी होतो, ही कहाणी खरी आहे आणि खेड्यातून आलेल्या मुलांना तिचा आधार वाटतो हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मी त्याला सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ दिली तेव्हा तो म्हणाला, “काकू, परीक्षा तोंडावर आलीये आणि तुम्ही मला रडवणारं पुस्तक देताय.” मी म्हटले, “परीक्षा झाल्यावर वाच, पण वाच नक्की.”

त्याने ती वाचली. कादंबरीतील एकनाथ शिकलेला आहे, हुशार आहे, पण नोकरीसाठी मागितले जाणारे पैसे घरात नाहीत आणि म्हणून तो विदर्भातल्या कोरडवाहू शेतीत वडिलांबरोबर राबतो. बियाणे, पाऊस, बाजारभाव यांपैकी काहीच त्याच्या हातात नाही आणि घरातील प्रत्येक भांडण शेवटी पैशावर येऊन ठेपते. या कादंबरीला २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे, पण मी तिची शिफारस करते ती वेगळ्या कारणासाठी. उद्या हा मुलगा अधिकारी झालाच, तर त्याच्या टेबलासमोर अर्ज घेऊन उभे राहणारे बहुतेक लोक एकनाथच्या घरातले असतील. त्यांना ओळखण्याची सवय त्याला आत्तापासून लागावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्याने पुस्तक परत केले तेव्हा एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. ग्रंथालयाच्या पुस्तकाला असे करू नये हे त्याला सांगायचे मी त्या दिवशी टाळले.

जोडी जुळण्यासाठी दोन्ही पुस्तके एकाच गावची असावी लागत नाहीत. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ पासून मराठी घरांत वाचले जात आहे. गुलामीत जन्मलेला, तान्हेपणीच आईपासून तुटलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतील टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या शिक्षणसंस्थेत येतो आणि सतत कापूस घेऊन निकस झालेल्या जमिनीत भुईमूग, रताळी लावण्याचा आग्रह धरीत गरीब शेतकऱ्यांसाठी उरलेले आयुष्य वेचतो. हे पुस्तक संपताच राम पटवर्धन यांनी मराठीत आणलेली ‘पाडस’ घ्यावी. मूळ कादंबरी मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची, अमेरिकेच्याच दक्षिण भागातील फ्लोरिडाच्या रानात, तिथले यादवी युद्ध संपल्यानंतरच्या काळात घडणारी. ज्योडी हा एकटा वाढणारा मुलगा हरणाचे पिल्लू पाळतो, पिल्लू मोठे होते आणि घराला वर्षभर पुरवायचे असलेले कोवळे पीक खाऊ लागते. कार्व्हर ज्या जमिनीबद्दल शास्त्रज्ञ म्हणून बोलतात, तशाच तुटपुंज्या जमिनीवर जगणारे एक गोरे कुटुंब इथे मुलाच्या नजरेतून दिसते. पटवर्धनांचे मराठी इतके अंगचे आहे की त्या रानातला पाऊस आपल्या इगतपुरीकडचा वाटावा. माझ्या मते प्रौढ वाचकाने अनुवादित कादंबऱ्यांकडे वळण्यासाठी याहून चांगले दार नाही.

स्त्रियांच्या आत्मकथनांविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण ‘प्रेरणादायी’ या फळीवर ती अजूनही फारशी ठेवली जात नाहीत. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ त्या फळीवर सर्वांत पुढे असायला हवीत. शाळेचे शिक्षण नाही, सोवळ्याओवळ्याच्या धाकात गेलेले बालपण, पतीने १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर वाट्याला आलेली ताटातूट आणि लोकांची बोलणी, हे सगळे सांगताना त्यांचे वाक्य कुठेही कण्हत नाही. उलट त्या हसवतात. स्वतःच्या मनातले जुने ग्रह एकेक करून गळून कसे पडले, हे त्यांनी ज्या सरळपणाने सांगितले आहे, तसा सरळपणा आजच्या यशाच्या कहाण्यांत मला क्वचितच सापडतो. या पुस्तकाला मी कविता महाजन यांची २००५ साली आलेली ‘ब्र’ ही कादंबरी जोडते. मोडलेल्या संसारातून बाहेर पडलेली प्रफुल्ला संस्थेच्या कामासाठी आदिवासी भागात जाते आणि महिला सरपंचांना भेटत, त्यांचे ऐकत हिंडते. आपल्याच जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून कधीतरी गेलेल्या वाचकाला त्या बायकांच्या बोलण्यातील काही गोष्टी कानावर पडल्यासारख्या वाटतील. लक्ष्मीबाई आणि प्रफुल्ला यांच्यामध्ये एक शतक आहे, आणि तरीही उंबरठ्याबाहेर पडलेल्या बाईला आधी स्वतःशीच काय काय बोलावे लागते, हे दोघींकडून सारखेच ऐकू येते.

विज्ञानाची आवड असणाऱ्यांना एकाच लेखकात जोडी मिळते. नाशिकला डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर यांची ‘प्रेषित’ ही विज्ञान कादंबरी आणि ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र मागेपुढे वाचावे.

आता ही पुस्तके शोधायची कशी, तर पहिली अडचण ग्रंथालयाच्या मांडणीतच असते. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या दशांश पद्धतीने लावलेल्या ग्रंथालयात मराठी कथा-कादंबऱ्या ८९१.४६३ या क्रमांकाखाली आणि चरित्रे ९२० च्या आसपास असतात, आणि जिथे ही पद्धत नाही तिथेही कादंबरी, चरित्र, आत्मचरित्र अशी कपाटे वेगवेगळी असतात. मांडणी म्हणून हे योग्यच आहे, परंतु एका कपाटापाशी उभा राहणारा वाचक वर्षानुवर्षे दुसऱ्याकडे फिरकत नाही. मी कपाट बदलून पाहते आणि पुस्तक उघडण्याआधी मागच्या आतल्या बाजूला चिकटवलेली परतीच्या तारखांची चिठ्ठी बघते. एखाद्या जुन्या कादंबरीवर काही वर्षे शिक्के दाटीने पडलेले असतात, मग मोठी पोकळी, आणि पुन्हा दोन-तीन शिक्के जवळजवळ. मधली पोकळी संपवणारा तो वाचक कोण असेल, असे वाटून मी ते पुस्तक घरी आणते. प्रस्तावना आणि ऋणनिर्देशही मी आधी वाचते, कारण लेखकाने स्वतः कोणाला वाचले याचा पत्ता तिथे लागतो.

१८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचे हे गाव, शिवाय कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेचे जन्मस्थान. पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे येते, काही महिने राहते आणि मग दुसऱ्या गटाकडे जाऊन तिच्या जागी नवी पेटी येते. या पद्धतीचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो तो हा की पेटीतली पुस्तके आपण निवडलेली नसतात, त्यामुळे चरित्र आणि कादंबरी एकमेकांना खेटून हाती लागतात आणि जोडी आपोआप जुळते. नव्या लेखकांसाठी मात्र दिवाळी अंकांना पर्याय नाही. एखाद्या अंकातील कथा आवडली की त्या लेखकाचे नाव वहीत टिपावे आणि त्याचा संग्रह आला का, हे पुढच्या ग्रंथप्रदर्शनात विचारावे.

सध्या माझ्या वहीत धरणग्रस्तांवरची विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ एकटीच लिहिलेली आहे. गावे पाण्याखाली गेल्यानंतर पुनर्वसनासाठी आयुष्यभर लढलेल्या एखाद्या कार्यकर्त्याचे किंवा कार्यकर्तीचे मराठी आत्मकथन मला तिच्या शेजारी ठेवायचे आहे. आपल्या वाचनात असे आले असेल तर अवश्य कळवावे. आमच्या गटाची पुढची बैठक पुढच्या महिन्यात आहे आणि तोपर्यंत ही जोडी पुरी व्हावी, असे वाटते.